चुकीचं इंधन भरलं गेलं तर गोव्यात गाडी कुणाकडे द्यावी? चार सेवांची पारख

डिझेलच्या गाडीत पेट्रोल किंवा पेट्रोलच्या गाडीत डिझेल गेलं, की गोव्यात चार ठिकाणांहून मदत मिळू शकते. गाडीच्या कंपनीची किंवा विम्याबरोबर मिळालेली रोडसाइड सेवा, कंपनीचं अधिकृत वर्कशॉप, डिझेल पंप आणि इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) यांचंच काम करणारी खास दुकानं आणि जवळचं नेहमीचं गॅरेज. इथे कुणाचं नाव घेऊन गुण दिलेले नाहीत, कारण काम शेवटी त्या दिवशी बॉनेटखाली हात घालणाऱ्या माणसावर ठरतं. त्या माणसाने काय केलं म्हणजे काम चोख, आणि काय टाळलं म्हणजे पैसे फुकट, हे मात्र ठामपणे सांगता येतं.

सगळा निवाडा एका प्रश्नावर होतो: चुकीचं इंधन गेल्यावर इंजिन सुरू झालं होतं का? झालं नसेल तर काम टाकी आणि फिल्टरपुरतं आहे, आणि पंप-इंजेक्टर बदलायला सांगणारा माणूस उगाच घाबरवतो आहे. झालं असेल, विशेषतः कॉमन रेल डिझेलमध्ये (आजच्या डिझेल गाड्यांतली, एका सामायिक नळीतून फार मोठ्या दाबाने इंधन फवारण्याची पद्धत), तर नुसती टाकी रिकामी करून ‘झालं, न्या’ म्हणणारा धोका तुमच्या गळ्यात बांधतो आहे. चारही सेवांमधला फरक या दोन टोकांमध्येच दिसतो.

गोव्यात हा घोळ होण्याची कारणं उघड आहेत. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचा नंबर असलेल्या भाड्याच्या गाड्या सगळीकडे फिरतात, आणि थार, क्रेटा, नेक्सॉन ही मॉडेलं पेट्रोलमध्येही येतात, डिझेलमध्येही. चालवणाऱ्याला गाडी हातात येऊन दोन तास झालेले असतात. दुसरं कारण पंपावरच्या नावांचं. भारत पेट्रोलियमचं ‘स्पीड’ हे पेट्रोल, आणि साध्या डिझेलचं अधिकृत नाव हाय-स्पीड डिझेल. नोझलचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगावर विसंबण्यात अर्थ नाही. युरोपात डिझेलचं नोझल जाड असतं आणि पेट्रोल गाडीच्या तोंडात शिरतच नाही. आपल्याकडे बऱ्याच पंपांवर दोन्ही नोझल एकाच जाडीची असतात, म्हणून इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. त्यात इंधन गोव्यात स्वस्त, त्यामुळे पत्रादेवीच्या आसपास सावंतवाडी-बांद्याकडचे लोक टाकी काठोकाठ भरून घेतात. तिथे चूक झाली की ती दोन-चार लिटरची नसते, तीस-चाळीस लिटरची असते.

फोनवरच कळतं सेवा कशी आहे ते

चांगल्या सेवेचा फोनवरचा पहिला प्रश्न ‘गाडी कुठे आहे’ हा नसतो. तो असतो, ‘चावी फिरवली का?’ चावी ‘ऑन’वर नेली तरी अनेक गाड्यांत टाकीतला विजेचा पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि चुकीचं इंधन लाईनमध्ये ढकलतो. सेल्फ मारलाच पाहिजे असं नाही. काही महागड्या गाड्यांत तर ड्रायव्हरचं दार उघडलं तरी पंप चालू होतो. हे विचारून समोरचा ‘चावीला हात लावू नका’ असं बजावत असेल, तर त्याला काम कळतं.

दुसरा प्रश्न गिअरबॉक्सचा. मॅन्युअल गाडी चावी ॲक्सेसरीवर ठेवून (स्टिअरिंग मोकळं होतं, पंप चालत नाही) न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घेता येते. बटणाची गाडी असेल तर बहुतेकांत क्लच-ब्रेक न दाबता बटण एकदाच दाबलं की ॲक्सेसरी लागते. दुसऱ्यांदा दाबू नये. ऑटोमॅटिकमध्ये इग्निशन न देता ‘पी’मधून बाहेर यायची पंचाईत होते. काही गाड्यांत गिअर लिव्हरजवळ एक छोटं झाकण असतं, त्याखालच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर दाबला की शिफ्ट लॉक सुटतो. तशी सोय नसेल तर चाकांखाली ट्रॉली घालून गाडी सरकवावी लागते. ऑटोमॅटिक आणि फोर-बाय-फोर गाड्यांना फ्लॅटबेडच, म्हणजे पूर्ण गाडी पाठीवर घेणारा ट्रकच, लागतो. पुढची चाकं उचलून मागच्यांवर ओढत नेलेली फोर-बाय-फोर म्हणजे एका दुखण्यातून दुसरं दुखणं. फोनवर मॉडेल विचारूनही नुसती हुकवाली क्रेन पाठवणाऱ्या सेवेला इथेच नापास करावं.

मदत यायला वेळ लागेल हे गृहीत धरावं. काणकोणहून मडगाव जवळपास चाळीस किलोमीटर. बरीच गॅरेजं रविवारी बंद, दुपारी एक ते तीन-साडेतीन शटर खाली, आणि चतुर्थीच्या दिवसांत फिटर मिळणं मुश्कील. पण इंजिन सुरू झालेलं नसेल तर वेळेने काहीही बिघडत नाही. टाकीत दोन दिवस पेट्रोल पडून राहिलं म्हणून डिझेल गाडीचं नुकसान होत नाही. घाई करून ‘जरा पुढच्या गॅरेजपर्यंत नेतो’ म्हणण्यानेच होतं. लाईनमध्ये आणि फिल्टरमध्ये जुनं डिझेल शिल्लक असतं, त्यावर गाडी थोडं अंतर अगदी व्यवस्थित चालते, म्हणून लोक फसतात. मग पिकअप पडतो, इंजिन खडखडायला लागतं, धूर येतो आणि गाडी बंद पडते. तोवर पेट्रोल हाय प्रेशर पंपात (इंजेक्टरना मोठ्या दाबाने इंधन पुरवणाऱ्या पंपात) पोचलेलं असतं.

जागेवर येऊन टाकी रिकामी करणारे

रोडसाइड सेवेचा माणूस म्हणा किंवा गॅरेजमधून सामान घेऊन आलेला फिटर, इंजिन सुरू झालं नसेल तर हाच सगळ्यात योग्य पर्याय. काम तासा-दोन तासांचं, टोइंगची गरज नाही. पण हत्यारं आणि पद्धत नीट पाहून घ्यावी.

पहिली गोष्ट आगीची. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत, खड्ड्यात, सर्व्हिस पिटमध्ये साचते. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळलं की ते मिश्रण पेट्रोलच समजायचं. त्यामुळे बाजारातला बारा व्होल्टचा स्वस्त पंप बॅटरीला क्लिप लावून टाकीत सोडणं म्हणजे ठिणगी आणि वाफ एकाच जागी आणणं. हातपंप, हवेवर चालणारा पंप किंवा ज्वालाग्राही द्रवासाठी प्रमाणित केलेला पंप हवा. भारतात अशा उपकरणांना मान्यता देणारी पेसो ही संस्था आपल्या नागपुरातच आहे. पंपावर तिच्या मान्यतेची खूण दिसली तर माणूस विश्वासाचा. इंधन धातूच्या कॅनमध्ये घ्यावं, कॅन जमिनीवर ठेवलेला असावा, आणि गाडीपासून कॅनपर्यंत अर्थिंगची वायर जोडलेली असावी. प्लास्टिकच्या बादलीत धार सोडली की स्थिर वीज साठते. हे सगळं पेट्रोल पंपाच्या मशिनांपासून लांब, उघड्यावर व्हायला हवं. ‘आमचा पोरगा इथेच पाइप लावून काढील’ असं पंपावरून सांगितलं तर नको म्हणावं. तोंडाने ओढलेलं पेट्रोल फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

दुसरी गोष्ट, टाकीपर्यंत पोचण्याची. जुन्या बोलेरो-सुमोसारख्या गाड्यांच्या पत्र्याच्या टाकीला खाली ड्रेन प्लग असायचा. आजच्या प्लास्टिकच्या टाक्यांना तो बहुधा नसतो. भरायच्या तोंडातून नळी घातली तर वाटेत झडप किंवा वाकण आडवं येतं, आणि नळी आत गेली तरी तळाला पोचत नाही. खरा रस्ता मागच्या सीटखालचा. अनेक गाड्यांत तिथे झाकण असतं, त्याखाली पंप आणि गेजचं मॉड्यूल. ते उघडून नळी थेट तळाला जाते. ज्यांना झाकण नाही त्यांची टाकी खाली उतरवावी लागते, आणि ते काम रस्त्यावर करू नये. काही फोर-बाय-फोर गाड्यांत मधून शाफ्ट जातो म्हणून टाकी खोगिरासारखी दोन कप्प्यांची असते. एक कप्पा उपसून ‘संपलं’ म्हणणारे भेटतात.

संपलं की नाही, हे पावतीवरून तपासता येतं. समजा टाकी पन्नास लिटरची, काटा पावावर होता, म्हणजे सुमारे बारा लिटर डिझेल आत होतं. पंपाच्या पावतीवर तीस लिटर पेट्रोल. एकूण बेचाळीस. कॅनमध्ये चाळीस आले तर ठीक. चौतीस आले तर आठ लिटर कुठेतरी आहेत. म्हणून पावती जपावी, आणि उपसलेलं इंधन लिटरमध्ये मोजून बिलावर लिहून घ्यावं.

आता खरी मेख. टाकी ‘रिकामी’ झाली तरी तळाला दीड-दोन लिटर राहतातच. वरच्याच उदाहरणात मिश्रणात एकाहत्तर टक्के पेट्रोल आहे, म्हणजे उरलेल्या दोन लिटरमध्ये जवळपास एक लिटर चारशे मिली शुद्ध पेट्रोल. त्यावर पाच लिटर डिझेल टाकून गाडी सुरू केली तर त्या सात लिटरमध्ये वीस टक्के पेट्रोल असतं. एवढं पेट्रोल कॉमन रेल पंपाला नको आहे. त्याऐवजी दहा लिटर डिझेल टाकून, गाडी थोडी हलवून, ते पुन्हा उपसलं, की उरलेल्या दोन लिटरमध्ये पाव लिटरहूनही कमी पेट्रोल राहतं. मग चाळीस लिटर ताजं डिझेल भरलं की प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं. हा एक ‘वॉश’ सेवेत धरलेला आहे का, आणि त्याचं दहा लिटर डिझेल कोण देणार, हे आधीच विचारावं. जो वॉशबद्दल बोलतच नाही, त्याचं काम अर्धवट समजावं.

वॉशनंतर खात्री हवी असेल तर पेट्रोल पंपाचीच हत्यारं वापरता येतात. प्रत्येक पंपावर पाचशे मिलीचा जार, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर असतो आणि रोजच्या घनतेची नोंद ठेवलेली असते. पंधरा अंशांना डिझेलची घनता साधारण ८२० ते ८४५ किलो प्रति घनमीटर, पेट्रोलची ७२० ते ७७५. टाकीतल्या नमुन्याची घनता पंपाच्या त्या दिवसाच्या डिझेलशी ताडून पाहावी. वीस टक्के पेट्रोल असेल तर घनता पंधरा-सोळाने खाली दिसते, लपत नाही. दोन-तीन टक्के मात्र या चाचणीत सापडत नाहीत, कारण पंपांना मान्य असलेला फरकच अधिक-उणे तीनचा आहे.

जुने ड्रायव्हर सांगतात की डिझेलमध्ये दहा टक्के पेट्रोल चालतं. थंड मुलखात डिझेल गोठू नये म्हणून जुन्या इंजिनांत तसं मिसळायचे, हे खरं. पण ती इंजिनं कमी दाबाची आणि त्यांचे पंप दणकट. आजच्या कॉमन रेलमध्ये दाब सोळाशे ते दोन हजार बारपर्यंत जातो आणि पंपाच्या पिस्टनला वंगण म्हणून फक्त त्यातून जाणारं डिझेलच असतं. वेगळं तेल नाही. बीएस-सहाच्या (सध्याच्या प्रदूषण मानकाच्या) डिझेलमध्ये गंधक दहा पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दहा) खाली आणल्यामुळे त्याची मूळची स्निग्धता कमी झाली, म्हणून ती रिफायनरीत ॲडिटिव्ह घालून भरून काढतात आणि मानकात तिची मर्यादा ठरवलेली आहे. पेट्रोल ते वंगण धुऊन टाकतं. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं. आपल्या पावसाळी हवेत हे आणखी एक संकट.

टाकीनंतर फिल्टर. तो नवा बसवलाच पाहिजे, जुना ‘झटकून’ परत लावू नये. गाडीनुसार हजार-दोन हजारांचा हा भाग वाचवण्यात काहीच शहाणपण नाही. मग लाईनमधली एअर काढायची: फिल्टरवर हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबून, नसेल तर टाकीतला पंप स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) चालवून किंवा चावी वारंवार ऑन-ऑफ करून. एअर न काढता सेल्फ मारत राहणारा फिटर हाय प्रेशर पंप कोरडा फिरवतो आहे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, आणि मध्ये थोडा थांबा हवा. इंजिन लागल्यावर दहा-पंधरा मिनिटं आयडलला ठेवून गळती पाहावी, आणि स्कॅनरवर मागितलेला व मिळालेला रेल प्रेशर (इंजेक्टरना इंधन देणाऱ्या सामायिक नळीतला दाब) जुळतो का ते बघावं.

या सेवेबद्दलचं मत: गाडी वॉरंटीबाहेरची असेल, इंजिन सुरू झालं नसेल आणि माणूस वॉश व फिल्टर दोन्ही करत असेल, तर वर्कशॉपपेक्षा सरस. इंजिन चाललं असेल तर त्याच्याकडून फक्त टोइंग घ्यावं.

अधिकृत वर्कशॉप

पर्वरीपासून वेर्णा, मडगावपर्यंत महामार्गाच्या आसपास बहुतेक कंपन्यांची वर्कशॉपं आहेत, त्यामुळे अंतराची अडचण उत्तरेला पेडणे-हरमलकडे आणि दक्षिणेला काणकोणकडेच. त्यांचं बलस्थान म्हणजे लिफ्ट, टाकी उतरवायची सोय, कंपनीचा स्कॅनर आणि लेखी जॉब कार्ड. नवी, वॉरंटीतली गाडी असेल तर दुसरीकडे नेऊच नये. चुकीच्या इंधनाचं नुकसान वॉरंटीत बसत नाही, पण पुढे वेगळ्या बिघाडावर वाद झाला तर तिथल्या कागदाला वजन असतं.

दोष दोन. एक, गाडी दोन-तीन दिवस रांगेत थांबते. डिसेंबरच्या हंगामात तर नक्कीच. दुसरा जास्त गंभीर. इंजिन काही मिनिटं चाललं होतं एवढं ऐकून, काहीही न उघडता, पंप, रेल, चार इंजेक्टर आणि पाइप असा पूर्ण संच बदलायचं एस्टिमेट हातात दिलं जातं. रक्कम लाखाच्या पुढे सहज जाते. ते चूक आहे असं नाही. कधी कधी तेच करावं लागतं. पण त्याआधी पुरावा मागायचा हक्क तुमचा आहे, आणि पुरावा पाहायला अर्धा तास पुरतो.

पुरावा असा. जुना फिल्टर कापून त्याचा कागद पांढऱ्या कापडावर पसरायचा आणि उन्हात धरायचा. पंपाचं मीटरिंग युनिट (पंपात किती इंधन जावं हे ठरवणारी झडप) काढून त्याच्या जाळीत बघायचं. रेल प्रेशर सेन्सर काढून रेलमधलं इंधन काचेच्या बाटलीत घ्यायचं. चांदीच्या भुकटीसारखी चमक दिसली, बोटावर घासल्यावर करडी रेघ उठली, चुंबकाला धातूचा कीस चिकटला, की पंप आतून खरवडला गेला आहे. मग तो संच बदलण्यावाचून इलाज नाही. आणि तेव्हा टाकीही उतरवून धुतली पाहिजे. कारण पंपात आणि इंजेक्टरमध्ये न वापरलेलं इंधन रिटर्न लाईनने टाकीत परत जातं, सोबत कीस घेऊन. टाकी आणि रिटर्न लाईन न धुता नवा पंप बसवला तर तोच कीस नव्या पंपात शिरतो आणि सगळा खर्च दुसऱ्यांदा येतो. एस्टिमेटमध्ये चार इंजेक्टर आहेत पण टाकी धुण्याची ओळ नाही, असं दिसलं तर सही करू नये.

काहीच चमक नाही, रेल प्रेशर स्थिर, पी००८७ हा कमी दाबाचा कोड पुन्हा येत नाही, तर टाकी, वॉश, फिल्टर एवढ्यावर गाडी घरी न्यावी. पाचशे किलोमीटरनंतर फिल्टर पुन्हा उघडून पाहावा.

पंप-इंजेक्टरची खास दुकानं

इंजिन चाललं असेल आणि गाडी वॉरंटीबाहेरची असेल, तर आमची पहिली पसंती यांना. ट्रक, ट्रॉलर, खाणीची यंत्रं यांच्या जिवावर गोव्यात डिझेलचं काम जाणणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. चांगल्या दुकानात टेस्ट बेंच असतो: इंजेक्टर काढून वेगवेगळ्या दाबांवर किती फवारतो आणि किती परत सोडतो, हे मिलीलिटरमध्ये मोजून छापील कागद मिळतो. चारांपैकी एकच खराब असेल तर एकच बदलता येतो, आणि इथे वर्कशॉपच्या तुलनेत मोठी रक्कम वाचते.

गाडीवरच करायची सोपी चाचणी म्हणजे रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या आणि बाटल्या लावून इंजिन काही मिनिटं आयडलला चालवायचं. एक बाटली बाकीच्यांपेक्षा झपाट्याने भरली, तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे.

दुकान पारखताना दोन गोष्टी पाहाव्यात. खोली स्वच्छ आहे का? इंजेक्टरमधलं अंतर मायक्रॉनमध्ये असतं. ग्राइंडरशेजारच्या बाकावर तो उघडणाऱ्याकडे देऊ नये. आणि नवा किंवा दुरुस्त इंजेक्टर बसवल्यावर ते कोडिंग करतात का? बॉश, डेल्फी, डेन्सो यांच्या बहुतेक इंजेक्टरवर त्याच्या प्रवाहाचा कोड छापलेला असतो, आणि तो स्कॅनरने इसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. न भरता गाडी चालते, पण आयडल डळमळतो, धूर येतो आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरतो. काढलेले हाय प्रेशर पाइप पुन्हा वापरायचे की नाही, हेही विचारावं. अनेक इंजिनांत ते एकदाच वापरायचे असतात. या दुकानांची कमजोरी कागदपत्रांची. बिल हवं असल्याचं आधी सांगून ठेवावं.

नाक्यावरचं गॅरेज

पेट्रोल गाडीत डिझेल गेलं असेल, तर नेहमीचा मेकॅनिक पुरेसा आहे. डिझेल पेट्रोलसारखं वाफ होत नाही, प्लगवर तेलासारखं बसतं, गाडी झटके देते, पांढरा-करडा धूर सोडते आणि बंद पडते. पण डिझेलमुळे पंपाचं वंगण जात नाही, त्यामुळे यांत्रिक नुकसान क्वचितच. टाकी उपसायची, पाच-दहा लिटर पेट्रोलने वॉश द्यायचा, रेल आणि लाईन मोकळी करायची, फिल्टर बाहेर असेल तर बदलायचा, चारही प्लग काढून पुसून-सुकवून किंवा नवे लावायचे, कोड पुसायचे. मिसफायरचा पी०३०० जायला हवा. अडखळत बराच वेळ चालली असेल तर इंजिन ऑइलही बदलावं, कारण न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं. एकच बंधन: बंद पडलेल्या गाडीला परत परत सेल्फ मारू नये. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळतं, आणि तो भाग महाग आहे. थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्या मात्र स्कॅनर असलेल्या जागीच न्याव्यात. त्यांच्यातही हाय प्रेशर पंप असतो.

कॉमन रेल डिझेल घेऊन इथे जायचं असेल, तर वर लिहिलेलं सगळं आपण समोर उभं राहून करून घ्यावं लागतं. सेवा मनापासून मिळते, पण स्कॅनरविना रेल प्रेशर कळत नाही.

उपसलेल्या मिश्रणाचं काय करणार, हे चौघांनाही विचारावं. गोव्यात याला विशेष महत्त्व आहे: जांभ्या दगडातून द्रव सहज झिरपतो आणि अजूनही घरोघरी विहिरी आहेत. गटारात किंवा परसात ओतलेलं वीस लिटर मिश्रण कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात उतरतं. नियमाप्रमाणे ते धोकादायक कचरा म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच जायला हवं. ‘जनरेटरला वापरू’ हे उत्तरही नको, कारण डिझेल जनरेटरलाही पंप असतोच.

अनेक नव्या डिझेल गाड्यांत आणखी एक चूक होते. डिझेलच्या तोंडाशेजारी निळ्या झाकणाचं दुसरं तोंड असतं, डीईएफचं. ते म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठीचं द्रावण, पाण्यात ३२.५ टक्के युरिया. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर पेट्रोलपेक्षा वाईट: धातू गंजवतं, सुकून स्फटिक होतं, आणि डिझेलमध्ये मिसळत नसल्यामुळे जड होऊन तळाला, पंपाच्या तोंडाशीच बसतं. चावीला हात न लावता टाकी उतरवून धुणं एवढाच मार्ग, आणि तो लिफ्ट असलेल्या वर्कशॉपचाच.

पैसे कोण देणार

अनेक रोडसाइड योजनांच्या यादीत चुकीचं इंधन असतं, पण फायदा सहसा टोइंगपुरता आणि ठरावीक किलोमीटरपर्यंत. इंधन, फिल्टर, मजुरी आपली. साधा वाहन विमा अपघाताचा आहे, आणि इंजिन प्रोटेक्ट म्हणून विकलं जाणारं ॲड-ऑन मुख्यतः पाणी शिरणं आणि ऑइल गळणं यांसाठी असतं. पॉलिसीत चुकीच्या इंधनाबद्दल स्पष्ट ओळ नसेल तर ते नाही असंच धरावं. भाड्याच्या गाडीत मालकाला आधी फोन करून त्याच्या संमतीनेच गॅरेज ठरवावं. न सांगता केलेली दुरुस्ती डिपॉझिटच्या वादात उपयोगी पडत नाही.

पंपावरच्या माणसाची चूक असेल तर तिथून हलण्यापूर्वी नोझलचा क्रमांक, वेळ आणि लिटर असलेली पावती घ्यावी, व्यवस्थापकाकडून लेखी घ्यावं आणि त्या वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगावं. दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीची मुदत दोन वर्षं. तिथे गॅरेजचं बिल हाच मुख्य कागद, म्हणून त्यावर उपसलेले लिटर, वॉशचे लिटर, फिल्टरचा पार्ट नंबर, आधीचे आणि नंतरचे कोड आणि ‘कीस आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ ही ओळ लिहून घ्यावी.

राहता राहिलं टाकीच्या तोंडावर बसवायचं ‘मिसफ्युएल गार्ड’. ऑनलाइन मिळणारी ही झाकणं नोझलची जाडी ओळखून अडवतात. दोन्ही नोझल एकाच जाडीची असतील तिथे ती पेट्रोल अडवत नाहीत, किंवा डिझेलही आत घेत नाहीत. गोव्यात त्यावर खर्च करू नये. झाकणाच्या आतल्या बाजूला मराठी आणि इंग्रजीत ‘डिझेल’ असं ठळक लिहिलेलं स्टिकर लावावं, आणि नोझल तोंडात जाण्याआधी खाली उतरून मशिनच्या पडद्यावरचं इंधनाचं नाव वाचावं.